गेलेल्या मुलाचं नाव

खाडीपलीकडच्या कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ दहाच दिवस जगलं. वेळेवर औषधपाणी मिळालं नाही, हे शल्य घेऊन त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. बाबासाहेब आणि रमाबाई आंबेडकरांची पाचांपैकी चार मुलं बालपणीच गेली. १९२६ साली धाकटा राजरत्न गेला, तेव्हा दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी बापाचं दुःख मोकळं केलं.

त्या काळी घरोघरी एखादा पाळणा असा रिकामा झालेला असे. सांत्वनाला येणारी बाई स्वतः त्यातून गेलेली असे. २०२० साली महाराष्ट्रात हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू १६ वर आले. ही मोठी कमाई आहे. पण म्हणूनच आज ज्या घरावर ही पाळी येते, ते घर अधिक एकटं पडतं.

आमच्या मोहल्ल्यात मय्यत झालेल्या घरी तीन दिवस शेजारून जेवण येतं. हिंदू घरांतही सुतकात डबे येतात. रीत चांगलीच, पण ती मोठ्यांना सांभाळते. मागे उरलेल्या भावंडाला कुणीतरी मामाकडे नेतं आणि सांगतं, ‘तो झोपलाय.’ मग ते पोर झोपायलाच घाबरतं. आपण भांडलो म्हणून ताई गेली, असंही एखाद्याच्या मनात बसतं.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे आमच्या भिवंडीत पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली. चाळीसच्या आसपास माणसं गेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. करोनामुळे शाळा बंद होत्या. मागे राहिलेल्या मुलांना वर्ग नव्हता, बाई नव्हत्या. ढिगारा उपसायला पथकं आली. मुलांजवळ महिनोन्‌महिने बसणारं माणूस मात्र शेजारातूनच यावं लागतं.

मुलांना साध्या शब्दांत खरं सांगावं. शेवटचं पाहायचं असेल तर पाहू द्यावं. शाळेत बाईंना आधी कळवावं. आईबापांना ‘रडू नका’ म्हणू नये. लहानगा इब्राहिम गेला तेव्हा पैगंबरांचेही डोळे वाहिले होते. चाळिसाव्यानंतर माणसं यायची थांबतात, तेव्हा आपण जावं. ईदला, दिवाळीला, वाढदिवसाला त्या मुलाचं नाव घ्यावं. नाव घेतलं तर आईला आठवण होईल, असं आपल्याला वाटतं. ती विसरलेलीच नसते. दुःख फारच जड झालं, तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.