केळीच्या घडांपासून बर्फाळ डोंगरांपर्यंत : चेअरलिफ्टचा उगम

१९३०च्या दशकातील आर्थिक मंदीत अमेरिकेतील रेल्वेची प्रवासी वाहतूक रोडावली, तेव्हा युनियन पॅसिफिक रेल्वेच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष ॲव्हरेल हॅरिमन यांनी हिवाळी पर्यटनस्थळ उभारून गाड्यांना उतारू मिळवून देण्याचे ठरवले. जागा शोधण्यासाठी फेलिक्स शाफगॉच या ऑस्ट्रियन सरदाराची नेमणूक झाली आणि त्याने आयडाहो राज्यातील केचम या जुन्या खाणगावाजवळचे खोरे निवडले. तेच पुढे सन व्हॅली म्हणून प्रसिद्ध झाले.

त्या काळी स्कीइंग करणारे, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत उतरणारे खेळाडू, बहुधा पायीच चढ चढत किंवा फिरता दोर हातांनी धरून वर ओढले जात. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे १९३४ साली एर्न्स्ट कॉन्स्टाम यांनी दोराला आकडे जोडून ही ओढ सुसह्य केली. तथापि खेळाडूचे पाय बर्फावरच राहत.

माणसाला बर्फावरून उचलून नेण्याची कल्पना मात्र डोंगराळ प्रदेशात नव्हे, तर नेब्रास्काच्या सपाट मैदानातील ओमाहा येथे, युनियन पॅसिफिकचे अभियंते जेम्स करन यांना सुचली. केळीचे घड जहाजावर चढवण्यासाठी आकडे लावलेल्या फिरत्या दोराची यंत्रणा वापरली जाई. तिच्याशी परिचित असलेल्या करन यांनी आकड्यांच्या जागी खुर्च्या योजल्या. वरिष्ठांना ही योजना धोक्याची वाटली; परंतु सल्लागार म्हणून आलेले नामवंत स्कीपटू चार्ली प्रॉक्टर यांनी ती उचलून धरली. चालत्या खुर्चीत माणूस सुखरूप बसू शकेल असा वेग ठरवण्यासाठी ट्रकच्या बाजूला खुर्ची टांगून चाचण्या घेण्यात आल्या आणि बर्फाअभावी माणसांना आधी गवताच्या काड्यांवर, नंतर चाकांचे स्केट घालून काँक्रीटवर उभे करण्यात आले. या शोधाचे खरे मोल या चाचण्यांत आहे, कारण दोर आणि खांब पूर्वीही होते. न थांबणाऱ्या यंत्रावर सामान्य माणसाला विनासायास बसवण्याचा प्रश्न येथे प्रथम सुटला.

डिसेंबर १९३६मध्ये सन व्हॅली खुली झाली, तेव्हा प्रॉक्टर आणि डॉलर या डोंगरांवर एकेका माणसाच्या खुर्च्या फिरू लागल्या. पुढे आसने वाढली. काही यंत्रणांत खुर्ची स्थानकात मुख्य दोरापासून सुटून संथ होऊ लागली, त्यामुळे दोराचा वेग वाढवता आला. कोलोरॅडोतील ब्रेकनरिज येथे अशी चार आसनांची वेगवान चेअरलिफ्ट १९८१ साली सुरू झाली. परंतु अखंड फिरणाऱ्या दोराला खुर्च्या टांगण्याची करन यांची मूळ मांडणी तिच्यातही कायम राहिली.