झेपेलीन (आडनाव)

झेपेलीन : (जर्मन उच्चार त्सेपेलीन). जर्मनीतील एका उमराव घराण्याचे दुर्मिळ आडनाव. उत्तरेकडील मेक्लेनबुर्गमध्ये ब्यूट्सोजवळ याच नावाचे खेडे असून घराण्याचे नाव त्यावरून पडले. कागदोपत्री ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात आढळते. हा मुलूख बाराव्या शतकापर्यंत स्लाव्ह टोळ्यांकडे होता. श्वेरीन, बर्लिन यांप्रमाणे या ग्रामनामातील अखेरचा ‘ईन’ही स्लाव्ह वळणाचा मानतात, पुढची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. मात्र गावाचे नाव स्लाव्ह म्हणून घराणेही स्लाव्ह, असे अनुमान काढता येत नाही. कुलचिन्हात निळ्या ढालीवर गाढवाचे रुपेरी मुंडके आहे.

आडनाव दक्षिणेत गेले ते दरबारी नोकरीमुळे. योहान कार्ल (१७६७–१८०१) हा व्युर्टेंबर्गचा राज्यकर्ता फ्रीड्रिख याचा जिवलग मित्र व मंत्री. १७९२ मध्ये त्याला ‘ग्राफ’ (काउंट) हा किताब मिळाला. तो अकाली वारल्यावर फ्रीड्रिखने लुडविग्जबुर्ग येथे त्याची समाधी बांधली. एका सेवकासाठी राज्यकर्त्याने केलेला हा खर्च त्या काळीही असाधारणच होता. योहान कार्लचा धाकटा भाऊ फेर्डिनांड लुडविग पुढे व्युर्टेंबर्गचा परराष्ट्रमंत्री झाला. या भावाचा नातू फेर्डिनांड (१८३८–१९१७) कॉन्स्टान्स येथे जन्मला. त्याच्या वायुनौकेने २ जुलै १९०० रोजी पहिले उड्डाण केले.

फेर्डिनांडला हेला ही एकुलती मुलगी. १९०९ मध्ये तिचा विवाह ब्रांडेनश्टाइन घराण्यात झाला, तेव्हा व्युर्टेंबर्गच्या राजाच्या परवानगीने ‘ब्रांडेनश्टाइन-झेपेलीन’ हे जोडनाव सुरू झाले. मुलीच्या बाजूने आडनाव टिकल्याचे हे ठळक उदाहरण होय. १९१९ च्या राज्यघटनेने उमरावांचे विशेषाधिकार संपवले. किताब तेवढे नावाचा भाग म्हणून राहिले. त्यामुळे आज ‘ग्राफ’ हा शब्द आडनावातच मोडतो.

आडनावाचे सामान्यनाम झाल्यामुळे ते घराण्यापेक्षा कितीतरी दूर पोहोचले. कोणत्याही सांगाडेबंद वायुनौकेला जगभर ‘झेपेलीन’ म्हणू लागले. ‘लेड झेपेलीन’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या नावाला घराण्यातील एका स्त्रीने हरकत घेतली, म्हणून १९७० मध्ये कोपनहेगनचा कार्यक्रम त्यांनी ‘द नॉब्स’ या नावाने केला.