सिमेंटचा भाव आणि दंडाचे माप

मुंबईच्या व्यापारी इतिहासात एक काळ असा होता, की उत्पादकांनी एकत्र बसून मालाचा भाव ठरवावा ही गोष्ट लपवून ठेवण्याजोगी तर नव्हेच, उलट सुज्ञपणाची व देशहिताची गणली जात असे. पोरबंदर, कटनी, लाखेरी या ठिकाणी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उभ्या राहिलेल्या सिमेंटच्या कारखान्यांना युद्धकाळात भरपूर गिऱ्हाईक लाभले. परंतु युद्ध संपताच त्याच आशेने आणखी कारखाने निघाले, परदेशी मालाचीही आवक सुरू झाली, आणि परस्परांचे भाव पाडता पाडता हा धंदाच बुडण्याच्या बेतास आला. तेव्हा 1925 साली उत्पादकांनी आपला संघ स्थापन केला, 1930 साली सर्वांचा माल एकाच हाताने विकण्यासाठी स्वतंत्र विक्री कंपनी काढली, आणि 1936 साली टाटा, खटाव, किलिक निक्सन व एफ. ई. दिनशा या चार गटांच्या दहा कंपन्या विलीन होऊन ए.सी.सी. जन्मास आली. या ऐक्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करणारे दिनशा ते पुरे झालेले पाहण्यास मात्र उरले नाहीत. त्या काळच्या कोणत्याही कायद्याने या मंडळींना गुन्हेगार म्हटले नसते, आणि आजच्या मापाने त्यांना तसे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

पुढे दुसऱ्या महायुद्धाने भावाची दोरी सरकारच्या हाती दिली आणि ती जवळजवळ चाळीस वर्षे तिथेच राहिली. 1982 साली अंशतः आणि 1989 साली पूर्णतः नियंत्रण उठले, आणि सिमेंट खुल्या बाजारात आले. परंतु बाजार खुला झाला तरी त्याची राखण करणारा कायदा त्या बेताचा नव्हता. 1969 च्या मक्तेदारी-प्रतिबंधक कायद्याखालच्या आयोगाला अनिष्ट प्रथा बंद करण्याचा हुकूम देता येई. झालेल्या कृत्याबद्दल जबर दंड बसवण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो अधिकार 2002 च्या स्पर्धा कायद्याने नव्या स्पर्धा आयोगाला दिला. अशा आयोगाचा कारभार न्यायाधीशाकडे असावा की अन्य तज्ज्ञाकडे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 2007 साली कायदा दुरुस्त होऊन स्वतंत्र अपील न्यायाधिकरणाची तरतूद झाली, आणि 20 मे 2009 रोजी संगनमताला मनाई करणारे कलम प्रत्यक्ष अंमलात आले.

या तारखेला एका खटल्यात फार महत्त्व आले. भारतीय अन्न महामंडळाला गोदामांतील धान्य किडीपासून राखण्यासाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या लागतात. 2009 साली त्यांच्या निविदा उघडल्या गेल्या तेव्हा एक्सेल क्रॉप केअर, युनायटेड फॉस्फरस आणि संध्या ऑर्गॅनिक केमिकल्स या तिन्ही कंपन्यांनी किलोमागे 388 रुपये असा तंतोतंत एकच भाव भरलेला आढळला. एक कंपनी अवाढव्य, एक मध्यम, एक अगदी लहान. तिघींचा उत्पादनखर्च भिन्न, आणि भाव मात्र रुपयाच्याही फरकाविना तोच! निविदा 8 मे रोजी भरल्या गेल्या होत्या, म्हणजे कलम अंमलात येण्याच्या बारा दिवस आधी. त्यामुळे हा कायदा आम्हांला लागूच होत नाही, असे कंपन्यांनी म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही, कारण निविदेचा व्यवहार आणि त्याचा परिणाम त्या तारखेनंतरही चालूच होता.

खरी झुंज दंडाच्या मापावर झाली. आयोगाने 2012 साली प्रत्येकीच्या तीन वर्षांच्या सरासरी एकूण उलाढालीच्या 9 टक्के दंड बसवला. त्यात युनायटेड फॉस्फरसच्या वाट्याला 252 कोटींहून अधिक रक्कम आली. ही कंपनी असंख्य अन्य रसायने विकते, त्यांत संगनमताचा आरोपही नाही. मग त्यांच्या विक्रीवर दंड का? अपील न्यायाधिकरणाने हा मुद्दा उचलून धरला आणि केवळ त्या गोळ्यांच्या उलाढालीचा आधार घेतला, तेव्हा ती रक्कम सात कोटींच्याही खाली आली. 8 मे 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच दृष्टिकोन कायम केला. कायद्यात ‘उलाढाल’ एवढाच शब्द असला तरी दंडविधायक तरतुदीचे दोन अर्थ संभवत असतील तर सौम्य अर्थ स्वीकारावा आणि शासन अपराधाच्या प्रमाणात असावे, हा त्यामागचा विचार. मला हा निर्णय तत्त्वतः रास्त वाटतो. तरीही सरकारी गोदामाला माल विकताना एकच भाव भरणाऱ्यांचा दंड इतका झडल्यावर त्याची जरब कितीशी उरते, हा प्रश्न मनातून जात नाही.

सिमेंटच्या खटल्याने दुसराच धडा दिला. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने 2010 साली आयोगाकडे फिर्याद केली. कारखान्यांची क्षमता असूनही उत्पादन आखडते घेतले जाते आणि भाव जणू ठरवून एकत्र चढतात, असे तिचे सार होते. चौकशीअंती आयोगाने उत्पादकांच्या संघाच्या बैठका आणि त्यांपाठोपाठ झालेली भाववाढ यांवर बोट ठेवले, आणि जून 2012 मध्ये अकरा कंपन्यांना मिळून सुमारे 6,300 कोटींचा दंड ठोठावला. डिसेंबर 2015 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो सबंध निर्णय रद्द केला, आणि तोही संगनमत झाले की नाही या प्रश्नात न शिरता! कारण एवढेच, की कंपन्यांच्या वकिलांचा तोंडी युक्तिवाद चालला त्या वेळी आयोगाचे अध्यक्ष हजर नव्हते, आणि अखेरच्या निर्णयावर मात्र त्यांचीही सही होती.

वरवर पाहता ही निव्वळ तांत्रिक पळवाट वाटेल. परंतु जो ऐकतो त्यानेच निकाल द्यावा, हे तत्त्व जुने आणि आदरणीय आहे. आंध्रातील मोटारवाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रकरणी 1959 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की हरकती सचिवाने ऐकाव्या आणि निकाल मंत्र्याने द्यावा, हे सुनावणीचे विडंबन होय. हजारो कोटींचा दंड बसवण्याचा अधिकार ज्या संस्थेला हवा, तिने सुनावणीचा हा किमान शिष्टाचार पाळू नये, याचा दोष मी कंपन्यांच्या वकिलांना देणार नाही. तो आयोगाचाच आहे, आणि त्याची किंमत भरावी लागली ती घरबांधणीसाठी सिमेंटची गोणी विकत घेणाऱ्या माणसाला, वर्षांच्या रूपाने. प्रकरण पुन्हा आयोगापुढे गेले, पुन्हा सुनावणी झाली, आणि ऑगस्ट 2016 मध्ये दंड पुन्हा बसला, तो 6,700 कोटींच्या घरात. दरम्यान अपील न्यायाधिकरणच बरखास्त होऊन त्याचे काम राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाकडे सोपवले गेले. त्याने जुलै 2018 मध्ये दंड कायम केला. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, अपिले दाखल झाली, आणि दंडाच्या दहा टक्के रकमेच्या अनामतीवर उरलेल्या वसुलीला स्थगिती मिळाली.

इतक्यात संसदेने 2023 साली कायदा पुन्हा बदलला आणि उलाढाल म्हणजे सर्व मालाची, सर्व देशांतली उलाढाल, असे स्पष्टच लिहून टाकले. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र आरंभ संबंधित मालाच्या उलाढालीपासूनच करावा, तीस टक्क्यांपर्यंत जावे आणि कायद्यातील कमाल मर्यादा ओलांडू नये, अशी घडी बसवली. म्हणजे 2017 च्या निकालाचा गाभा त्यांनी राखला आणि जरबही वाढवली. मला ही तडजोड समंजस वाटते.

मात्र दंड वसूल झाला तरी तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याने चढ्या भावाने गोणी घेतली त्याला भरपाई हवी असेल तर अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करण्याची मुभा आहे. परंतु संगनमताचा मूळ निष्कर्षच अपिलात अधांतरी असेतोवर त्या अर्जाला व्यवहारात गती येत नाही. 2010 च्या आधीपासून सिमेंट घेत आलेल्या छोट्या ठेकेदारांनी एवढ्या अवधीत त्या खरेदीच्या पावत्या जपून ठेवल्या नसतील तर काय, याची तजवीज त्या कायद्यात कुठेही नाही.