अनंतवात, अपस्मार आणि डॉ. ब्लोम यांची चिकित्सा

इ. स. १९६२ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात सिगफ्रिड ब्लोम या स्वीडिश वैद्याचा एक लेख प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या एका बाजूस विजेसारखी कळ उठविणारा जो शूल, त्यावर अपस्माराचे एक नवे औषध लागू पडते, हे त्याचे प्रतिपाद्य. औषधाचा निर्देश जी-३२८८३ अशा अंकाने केला होता. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील गायगी कंपनीत वाल्टर शिंडलर यांनी ते १९५३ च्या सुमारास सिद्ध केले. आज ते कार्बामाझेपिन या नावाने सर्वत्र मिळते. फेपऱ्याचे औषध गालाच्या दुखण्यास का लागू पडावे, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. कारण या दोन रोगांचे नाते औषधाच्या शंभर वर्षे आधी केवळ साम्यावरून तर्किले गेले होते.

चेहऱ्यास संवेदना देणाऱ्या मज्जातंतूच्या तीन शाखा कपाळ, वरचा जबडा व खालचा जबडा येथे पसरतात. कळ याच शाखांत उठते. ती काही क्षणच टिकते. परंतु वाऱ्याची झुळूक, घास चावणे, तोंड धुणे एवढ्यानेही पुन्हा उठते. दोन कळांमध्ये रोगी अगदी स्वस्थ असतो. दाढ दुखते असे समजून निरोगी दात उपटून घेतलेले रोगी सर्व देशांत आढळतात. १७५६ त फ्रान्सच्या निकोला आंद्रे यांनी व १७७३ त लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी या रोगाचे वर्णन केले. १८५३ त पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी त्यास 'अपस्मारसदृश शूल' म्हटले. अकस्मात येणे, अकस्मात जाणे व पुनःपुन्हा येणे हे धर्म त्यांना दोहोंत समान दिसले. हे केवळ नामकरण होते, उपचार नव्हे.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील पंचविसाव्या अध्यायात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांत अनंतवात हा एक. मानेच्या मागे वेदना उत्पन्न होऊन ती डोळे, भुवया व शंखप्रदेशी स्थिरावते; गालाच्या बाजूस कंप होतो, हनुवटी जखडते, नेत्ररोग होतात. हाच ब्लोम यांचा रोग, असे आमच्यातील काही उत्साही लेखक बेधडक लिहितात. मला ते मान्य नाही. गाल व जबडा जुळतात खरे. पण मानेतील आरंभ आणि नेत्ररोग जुळत नाहीत, आणि स्पर्शाने उठणारी क्षणिक कळ, जी या रोगाची मुख्य खूण, ती तेथे नाही. अर्धी लक्षणे गाळून केलेले समीकरण हे संशोधन नव्हे.

अपस्मार मात्र एकसष्टाव्या अध्यायात आहे. त्याच्या आधीचा साठावा अध्याय भूतबाधेचा व नंतरचा उन्मादाचा. असा शेजार असूनही सुश्रुताने घेतलेला पक्ष लक्षात घेण्याजोगा आहे. रोग निष्कारण येतो व औषधावाचून जातो, म्हणून तो आगंतुक मानावा, या मताचे तो खंडन करतो: पाऊस पडला तरी काही बीजे शरदातच अंकुरतात, तसे साठलेले दोष आपल्या काळी प्रकट होतात. त्रूसो यांना जे मधूनमधून येणे साम्याचा आधार वाटले, त्याचे कारण सुश्रुत शोधीत होता. परंतु अनंतवाताशी त्याने ते जोडले नाही.

ती जोडणी औषधाने झाली. १९३८ त बोस्टन येथे मेरिट व पटनम यांनी फेनिटोइन हे औषध अपस्मारावर गुणकारी ठरविले. १९४२ त बोर्दो येथील बेर्गुइन्यां यांनी तेच चेहऱ्याच्या शूलावर वापरले. ब्लोम यांनी पुढचे औषध घेतले आणि बहुतेक रोग्यांस उतार पडला. मज्जापेशींत विद्युत्प्रवाह निर्माण करणाऱ्या सोडियमच्या मार्गांना हे औषध आवर घालते व त्यामुळे लागोपाठचे उत्सर्जन थांबते. ते उत्सर्जन मेंदूत झाल्यास झटका येतो, चेहऱ्याच्या मज्जातंतूत झाल्यास कळ. त्या मज्जातंतूच्या मुळाशी बहुधा एखादी रक्तवाहिनी दाबत असते. हे वॉल्टर डँडी यांनी १९३४ त नोंदविले होते. मौज अशी की अमेरिकेत कार्बामाझेपिनला १९६८ त प्रथम मान्यता मिळाली ती शूलासाठी. अपस्मारासाठी १९७४ त.

आपल्याकडे जुना शेजार कायद्यातही शिरला. हिंदु विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या जोडीला अपस्मार घातला गेला. तो १९९९ च्या दुरुस्तीने काढला. सुश्रुताने दोघांना अध्याय तरी वेगळे दिले होते. आमच्या तिसगावाकडे फेपरे आले की नाकाशी कांदा किंवा वहाण धरणारे अजून भेटतात, आणि मुलीच्या सोयरिकीच्या वेळी रोग झाकला जातो. झाकण्यासाठी गोळ्या एकाएकी बंद होतात, आणि झटके पूर्वीपेक्षा जोराने परत येतात.