देहाभ्यास आणि दैवतचित्र

नवअभिजातवादी धर्मचित्रासाठी केलेले देहाभ्यास बहुधा अंतिम चित्राची पूर्वतयारी म्हणूनच पाहिले जातात. छापील संहितेपुढे हस्तलिखितातील खाडाखोड गौण ठरावी, तसे. परंतु दैवत्वाची चिन्हव्यवस्था कोणत्या क्रमाने रचली गेली, याची साक्ष अंतिम चित्र देत नाही. ती हे खर्डेच देतात.

अँग्रचे ‘संत सिंफोरियनचे हौतात्म्य’ हे याचे ठळक उदाहरण. ओतँच्या कॅथेड्रलसाठी 1824 मध्ये मागणी आलेले हे चित्र 1834 मध्ये पॅरिसच्या सालोंत मांडले गेले. त्याचे 1833 मधील दोन रंगीत अभ्यासफलक हार्वर्डच्या फॉग संग्रहालयात आहेत. अँग्रच्या रीतीत मॉडेलचा नग्न देह आधी येतो, वस्त्र मागाहून. अवयव निरनिराळ्या ठेवणींत पुन्हा पुन्हा तपासले जातात. संतत्व हे अशा रीतीने शरीररचनेवर चढवलेले अखेरचे आवरण ठरते.

मुंबईत या पद्धतीचे व्याकरण आले, क्रम मात्र आला नाही. 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रीक-रोमन शिल्पांच्या प्लॅस्टर प्रतिकृतींवरून रेखाटन शिकवले जाई. नग्न मॉडेलवरून रीतसर अभ्यास ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत, 1919 मध्ये सुरू झाला. तोवर धुरंधरांसारख्या चित्रकारांची घडण पूर्ण झाली होती. संस्थेबाहेर घडलेल्या रविवर्म्यांच्या बाबतीत हा उलट क्रम अधिकच स्पष्ट दिसतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1888 मध्ये चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपवल्यावर ते बंधू राजराजवर्म्यांसह उत्तर भारतात हिंडले. शोध होता तो पौराणिक पात्रांना साजेशा, सर्वमान्य वेशाचा. उत्तर साडीत सापडले. म्हणजे येथे वस्त्राचा प्रश्न आधी सुटला आणि देह त्याच्या निऱ्यांतून, पदरातून सूचित होत गेला.

आनंद कुमारस्वामींपासून रविवर्म्यांवर पाश्चात्त्य अनुकरणाचा आरोप होत आला आहे. तो अंतिम चित्राच्या पृष्ठभागापुरता खरा असेल. निर्मितिक्रम ध्यानात घेता मात्र तो अपुरा पडतो. अँग्रच्या संताला अंगावरचे वस्त्र काढले तरी देह उरतो. रविवर्म्यांच्या लक्ष्मीचे लक्ष्मीपण वस्त्रालंकारांतूनच सिद्ध होते; ते वगळले तर उरते ती कोणी अनाम मॉडेल. कलेतिहासाला याच स्त्रीचे ऋण अद्याप फेडायचे आहे.