पेशा गेल्यानंतरची रोजी

सकाळी वर्गात हजेरी घेताना आम्ही पिंजारी म्हणतो, अत्तार म्हणतो, तांबोळी, मुलाणी, मोमीन, शिकलगार म्हणतो आणि प्रत्येक नावाला ‘हाजिर जनाब’ असा जवाब येतो. मुले हजर असतात. नावातले पेशे मात्र कधीचेच गैरहजर झालेले आहेत. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले, “सर, शिकलगार म्हणजे काय?” त्याचे स्वतःचेच आडनाव ते. वडील टेम्पो चालवतात. हत्यारांना पाणी आणि धार देणारा कारागीर, असे आम्ही सांगितले. त्यावर तो म्हणाला, “मग ते काम बंद पडले तेव्हा आजोबांच्या आजोबांनी काय केले?”

आमच्या बी.एड.च्या इतिहासात या सवालाची तयारी नव्हती. पुस्तकात ‘ग्रामोद्योग बुडाले’ एवढे एक वाक्य असते. ते बुडाले तेव्हा पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा जो माणूस त्यात उभा होता, त्याने दुसऱ्या दिवशी चूल कशावर पेटवली, हे वाक्यात नसते.

बलुत्याच्या व्यवस्थेत हा सवाल सहसा उभा राहत नसे. ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्यातल्या बारा बलुतेदारांच्या यादीत मुलाणा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथातही तो आहे. बलुते माणसाला नसून घराला असे. बाप थकला की मुलगा पुढे होई, खळ्यावरचे धान्य त्याच घरात येई. त्या व्यवस्थेचे गोडवे आम्हाला गायचे नाहीत. तिने जन्मालाच माणसाला जखडले होते. पण म्हातारपणी नवी नोकरी शोधायची पाळी तिने आणली नव्हती, हेही नोंदवले पाहिजे.

शिकलगारांवर ती पाळी लवकर आली. 1818 मध्ये पेशवाई गेली, फौजा मोडल्या. 1878 च्या हत्यार कायद्याने उरलीसुरली शस्त्रेही परवान्याखाली गेली. तलवारीला धार लावणारा हात मग विळा, कात्री, सुरी, अडकित्ता, वस्तरा यांच्याकडे वळला. धारेचा दगड तोच, पाणी तेच. फक्त गिऱ्हाईक बदलले. उतारवयातल्या माणसाला नवी रोजी मिळते ती बहुधा अशी, जुन्या पेशाच्या शेजारच्या घरात. दूरच्या गल्लीत पाठवला की तो हरवतो.

दूरच्या गल्लीत पाठवल्याचे उदाहरण आमच्या पायाखालीच आहे. बारामतीहून इंदापूरकडे एस.टी.ने निघाले की सणसरच्या परिसरात भवानीनगर लागते. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याची चिमणी लांबून दिसते आणि दोन्ही अंगांना ऊस. हा ऊस नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढला. या कालव्याला चालना मिळाली ती 1876 च्या दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून. इंदापूर, भीमथडी या तालुक्यांत तेव्हा अन्नान्न दशा होती. आजचा बारामती तालुका त्या काळी भीमथडीत मोडत असे. कुणब्यांबरोबर गावचा कारागीरही अशा कामांवर गेला, कारण कुणब्याकडे दाणा नाही म्हटल्यावर बलुते कुठून येणार? कारागिराच्या हाती तिथे कुदळ आणि पाटी आली.

1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी अशा कामांवरच्या मजुरीतले धान्य दिवसाला एक रत्तलावर आणले. माणूस एवढ्यावर जगू शकतो, असा त्यांचा हिशेब. मजुरांनी ठिकठिकाणी काम सोडले. पुण्याची सार्वजनिक सभा आणि गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बाजूने बोलले. धडधाकट माणसांची कामे वेगळी, अशक्तांची वेगळी आणि अशक्तांची मजुरी कमी, अशीही विभागणी होती. वय झालेला माणूस कोणत्या रांगेत गेला असेल हे सांगायला नको. जो उपाशी असल्याने अशक्त होता, त्याला अशक्त म्हणून कमी खायला मिळत होते! हा सगळा मजकूर आम्ही मुलांना शिकवतो तेव्हा वर्ग गप्प होतो.

त्या दुष्काळातून सरकारही थोडे शिकले. 1880 च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळाचे नियम तयार झाले. विणकराला खडी फोडायला पाठवू नये, त्याची बोटे त्या कामाची नाहीत आणि एकदा बिघडली की मागावरही चालत नाहीत, हे हळूहळू मान्य झाले. शेजारच्या सोलापुरात पद्मशाली, साळी, मोमीन अशा विणकरांची मोठी वस्ती. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत तिथल्या विणकरांना सूत देऊन मागावरच काम देण्याची सोय झाली. ती अपुरी पडली असेल, पण तिच्यामागचा विचार आम्हाला मोलाचा वाटतो. माणसाला काम द्यायचे तर त्याच्या हातात आधीच काय आहे ते पाहून द्यायचे.

पुढे 1950 च्या दशकात सहकारी कारखान्यांचे युग आले. प्रवरानगरला सुरुवात झाली, पाठोपाठ आमच्या भागात माळेगाव आणि भवानीनगर. गुऱ्हाळांचा मुलूख हा. बारामतीचा गूळ नावाजलेला. गुऱ्हाळावर गुळव्या जितका जुना, तितका त्याचा शब्द मोठा. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे तो फेसावरून आणि वासावरून सांगे. कारखान्याच्या फाटकावर या नाकाला किंमत नव्हती. बॉयलरजवळ उभे राहायचे तर बॉयलर कायद्याखालचे प्रमाणपत्र हवे, हजेरी मांडायची तर अक्षर हवे. कारखान्याने हजारो घरांना उभे केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आमच्या बिरादरीतले किती तरी फिटर, वेल्डर, ड्रायव्हर अशा कारखान्यांवर घडले. पण घडले ते मुलगे. बाप फाटकाबाहेर चहाचा गाडा, पानाची टपरी, नाहीतर सायकलचे पंक्चर यांवर थांबले. तांबोळ्यांची पानाची टपरी ही तर पुन्हा शेजारचेच घर.

कायद्यानेही वयाचा विचार एकदा केला होता. औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली भर पडली. कपात करायची तर शेवटी आलेला आधी जाईल आणि पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्यांना आधी विचारले जाईल, असे त्यात आले. जुन्या कामगाराला एवढा आधार. परंतु गिरणीच बंद पडली तर पुन्हा बोलावणार कोण? 18 जानेवारी 1982 ला मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यातले चाळिशीचे किती तरी पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. रखवालदार झाले, भाजी विकू लागले.

वय न विचारणारे काम आमच्या राज्याने एकच दिले, ते रोजगार हमीचे. वि. स. पागे यांची ही कल्पना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि 1979 पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. अठरा पुरे झालेल्या कोणालाही काम, वरची मर्यादा नाही. आमच्या घरातले बुजुर्ग त्या साली खडी फोडायला गेले होते. सुकडीची चव त्यांना शेवटपर्यंत आठवे. पण मजुरी मोजमापावर होती. खड्ड्याचे माप घेणारी टेप वय पाहत नाही, हे तिचे औदार्य म्हणावे की क्रूरपणा, ते वाचकांनी ठरवावे.

आता सरकारी नोकरीचे म्हणाल तर 2016 पासून खुल्या वर्गाला अडतीस आणि मागासवर्गीयांना त्रेचाळीस वर्षांपर्यंत अर्ज करता येऊ लागला. पिंजारी, तांबोळी, अत्तार ही नावे इतर मागासवर्गांच्या यादीत आहेत. दाखला काढायला आजोबांच्या पेशाची नोंद शोधावी लागते. ज्या पेशाने आजोबांना उतारवयात सोडले, तोच कागदावर नातवाला पाच वर्षे जास्त देतो. आमची स्वतःची तिशी सरत आली आहे, त्यामुळे हे आकडे आम्हाला जरा जास्तच पाठ आहेत.

त्या मुलाच्या सवालाकडे परत येतो. आमच्या मोहल्ल्यात एक पिंजारी चाचा आहेत. खांद्यावर धनुकली टाकून गावोगाव फिरत, तातेचा टणत्कार गल्लीत शिरला की बायका जुन्या गाद्या बाहेर काढत. आधी पिंजणयंत्र आले, मग फोमच्या गाद्या आल्या. पन्नाशी उलटल्यावर दोन-तीन ठिकाणी रखवालीचे काम मागून पाहिले, “चाचा, तुम्हाला रात्री दिसेल का?” असे ऐकून परतले. दाभण मात्र घरात होते. आता ते उसाच्या ट्रॅक्टरांच्या सीटा शिवतात. आत कापूस भरत नाहीत, फोमच भरतात, आणि भरताना तो बोटांनी अजूनही विंचरून पाहतात. सीझनचा भोंगा वाजायच्या आधी पंधरा दिवस त्यांच्या दारात ट्रॅक्टर उभे असतात.

त्या मुलाला आम्ही एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे घेऊन गेलो. चाचांनी त्याचे आडनाव विचारले आणि कात्री पुढे केली. म्हणाले, “शिकलगार ना? मग बघ, धार गेलीय का हिची.”