ॲम्प्लिफायर, होम थिएटरसाठी

ॲम्प्लिफायर (ध्वनिवर्धक) : टीव्ही, डिस्क प्लेयर किंवा सेट-टॉप बॉक्सकडून आलेला क्षीण विद्युत संकेत स्पीकरचा पडदा हलवण्याइतका सशक्त करणारे उपकरण. गावाकडच्या मंडपात याला नुसते ‘मशीन’ म्हणतात. घरी चित्रपट पाहण्यासाठी ते बहुधा एव्ही रिसीव्हरच्या रूपात येते. डॉल्बी आणि डीटीएस उलगडणारा प्रोसेसर, एचडीएमआयची भोके आणि पाच किंवा सात चॅनलचे ॲम्प, हे सगळे एकाच पेटीत असते. प्रस्तुत नोंद अशा ॲम्पच्या निवडीविषयी आहे. उदाहरणे अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातली घेतली आहेत, कारण निवडीचे अर्धे उत्तर ज्या घरात ॲम्प लागणार त्या घराच्या भिंतींत आणि विजेच्या मीटरमध्ये असते.

दुकानात पहिला प्रश्न होतो तो ‘किती वॅटचा?’ खरे तर आधी स्पीकरची संवेदनशीलता विचारायला हवी. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, तो आकडा म्हणजे संवेदनशीलता. घरगुती स्पीकर साधारण ८५ ते ९० डेसिबलचे असतात. समजा स्पीकर ८७ डेसिबलचा आहे आणि सोफा तीन मीटरवर. मोकळ्या जागेत एवढ्या अंतरावर साडेनऊ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंती त्यातले थोडे परत देतात. ती भरपाई न धरता हिशोब केला, तरी ७५ डेसिबलचा संवाद ऐकायला जेमतेम अर्धा वॅट लागतो. दार धाडकन आपटले, हलगी कडाडली आणि आवाज क्षणभर ९५ डेसिबलवर गेला, तर तेवढ्यापुरते ५६ वॅट लागतात. तोच स्पीकर ९३ डेसिबलचा असता, तर १४ वॅटमध्ये काम भागले असते. चित्रपटगृहाच्या मापाने १०५ डेसिबलची शिखरे घरी हवी म्हटली, तर हिशोब साडेपाचशे वॅटच्या पुढे जातो. अहिल्यानगर शहराच्या सावेडी भागातल्या सामाईक भिंतीच्या फ्लॅटमध्ये तेवढा आवाज कोणी लावू नये. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा तर दहापट वॅट लागतात. म्हणून ८० वॅटचा ॲम्प सोडून १०० वॅटचा घेण्यात पैसे जातात, फरक ऐकू येत नाही. त्याऐवजी जास्त संवेदनशील स्पीकर घ्यावा किंवा स्वतःचा ॲम्प असलेला सबवूफर जोडावा. ८० हर्ट्झखालचा जड बेस सबवूफरकडे वळवला, की मुख्य ॲम्पवरचा मोठा भार उतरतो.

खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा, हेही शिकून घ्यावे लागते. १९९०च्या दशकात टेपरेकॉर्डरवर हजारो वॅट ‘पीएमपीओ’ छापलेले असत. त्या मापाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नव्हते. आज तसे फारसे छापत नाहीत, पण ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनल चालू’ अशी ओळ बारीक अक्षरात असते. एवढी विकृती असलेला आवाज कोणी आनंदाने ऐकणार नाही. पाहायची ती ओळ अशी असते : ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती ०.१ टक्क्याच्या आत, दोन चॅनल एकाच वेळी. पाचही चॅनल चालले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून कमी येते, कारण पॉवर सप्लाय एकच असतो.

स्पीकरचा ओहमही पाहावा. ‘८ ओहम’ हे सरासरीवजा नाव आहे. काही कंपनांना तोच स्पीकर ४ ओहमपर्यंत खाली येतो आणि ॲम्पकडून दुप्पट करंट मागतो. हलका ॲम्प तिथे दमतो. ताकद संपली की तो लहरींचे माथे सपाट कापू लागतो, म्हणजेच क्लिपिंग होते. त्यातून उठणाऱ्या तीक्ष्ण कंपनांनी ट्वीटरची (उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरची) बारीक कॉइल जळते. घरगुती स्पीकर ताकदवान ॲम्पने कमी आणि ओढून-ताणून वाजवलेल्या लहान ॲम्पने जास्त जळतात, ही गोष्ट ग्राहकाला आवर्जून सांगायला हवी.

आता वीज. श्रीरामपूर, राहुरी, राहाता या परिसराला २०११ पर्यंत मुळा-प्रवरा या सहकारी संस्थेकडून वीज मिळे. त्यानंतर तिथे महावितरण आले. पुरवठादार कोणीही असो, उसाच्या पट्ट्यात विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की घरातले बल्ब मंदावतात, हा वाड्यावस्त्यांवरचा जुना अनुभव आहे. जुन्या घडणीच्या ॲम्पमध्ये जड ट्रान्सफॉर्मर असतो आणि आतला व्होल्टेज बाहेरच्या व्होल्टेजबरोबर खाली जातो. २३० व्होल्टचे १८० झाले, तर आतला पुरवठा ७८ टक्क्यांवर येतो. ताकद मात्र व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणून १०० वॅटचा ॲम्प ६१ वॅटचा उरतो. संध्याकाळी पिक्चर रंगात आला असताना आवाज फाटतो आणि दोष स्पीकरला दिला जातो. अशा घरी दोन मार्ग आहेत. एक, ॲम्पच्या ताकदीला पुरेल असा चांगला स्टॅबिलायझर. दुसरा, एसएमपीएस (स्विच-मोड पॉवर सप्लाय) असलेला ‘क्लास डी’ ॲम्प. त्याचा पुरवठा ठरावीक मर्यादेत बाहेरचा चढउतार सांभाळून घेतो. ती मर्यादा मागच्या पट्टीवर पाहून घ्यावी. इन्व्हर्टरवर ॲम्प चालवायचा असेल तर तो साइनवेव्हचाच हवा. चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ती गुणगुण स्पीकरमध्ये उतरते.

उन्हाळ्यामुळेही क्लास डीचे पारडे जड होते. ‘क्लास एबी’ ॲम्प घेतलेल्या विजेचा मोठा वाटा उष्णतेत घालवतो, तर क्लास डीची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. मेमध्ये पारा चाळिशीपार गेलेला असताना काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेला एबी ॲम्प तासाभरात स्वतःला बंद करून घेतो. त्याच्या डोक्यावर वीतभर तरी जागा मोकळी ठेवावी. जाळीतली धूळ महिन्या-दोन महिन्यांनी मऊ ब्रशने काढावी.

मंडपाचे मशीन घरी का चालत नाही, असा प्रश्न जत्रा-हरिनाम सप्ताह पाहिलेल्या माणसाला पडणे साहजिक आहे. अहुजासारख्या कंपन्यांची ती मशीन एका वाहिनीची, लांबवरच्या कर्ण्यांना १०० व्होल्टच्या लाइनने आवाज पोहोचवणारी आणि मुख्यतः बोलण्यासाठी घडवलेली असतात. कीर्तनकाराचा शब्द शिवेपर्यंत नेण्यात त्यांना तोड नाही. पाच दिशांनी येणारा चित्रपटाचा आवाज हे वेगळे काम आहे.

वायरीवर फार खर्च नको. दहा मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. जाण्यायेण्याचा मिळून तिचा रोध ०.१४ ओहमच्या आसपास भरतो. वाचलेल्या पैशांत जाड सतरंजी आणि पडदे घ्यावेत. स्लॅब आणि टाइल्सच्या रिकाम्या खोलीत आवाज इतका घुमतो, की संवाद कळत नाहीत.

निवड पक्की करण्याआधी ऐकायला दोन चित्रपट हाताशी आहेत, आणि दोन्हींचे या जिल्ह्याशी नाते आहे. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ प्रत्यक्ष चित्रीकरणस्थळी ध्वनी टिपून केला आहे. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचे स्थलध्वनिमुद्रक महावीर सब्बनवाल यांना पुरस्कार मिळाला. धनगराच्या वाड्याभोवतीचा माळ, मेंढ्या आणि माणसांचे बोलणे चांगल्या ॲम्पवर वेगवेगळ्या अंतरावर उभे राहते. दमलेल्या ॲम्पवर सगळे एकाच पडद्याला चिकटते. दुसरा नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६). मंजुळे यांनी संज्ञापनाचे शिक्षण नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतले. ‘झिंगाट’ने बेसची परीक्षा होते, तर अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या वाद्यवृंदाने सफाईची. शेवटच्या प्रसंगात मात्र दिग्दर्शकाने आवाज पूर्ण काढून घेतला आहे. तिथे ट्वीटरजवळ कान न्यावा. ‘स्स्स’ ऐकू आले तर तो ॲम्पचा अंगचा गोंगाट. ‘हूं’ अशी गुणगुण आली तर आधी केबल टीव्हीची वायर काढून पाहावी. ती काढताच गुणगुण थांबली, तर ॲम्प चांगला आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.